तक्रार सिटीकडे की काउंटीकडे? सांता क्लारा काउंटीचं बोर्ड समजून घेताना

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये लॉरेन्स एक्स्प्रेसवेवर खड्डा पडला तर तो काउंटीचा. तिथून एल कमीनो रिआलवर उतरलात की तो राज्य महामार्ग ८२, म्हणजे तिथला खड्डा राज्याच्या वाहतूक खात्याचा, कॅलट्रान्सचा. आणि घरासमोरच्या गल्लीतला खड्डा सिटीचा. पाच मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये तीन मालक. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या पट्ट्यात, नवीन आलेल्यांची निम्मी तक्रारपत्रं चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात ती याच कारणाने, आणि मग "इथेही सगळं आपल्यासारखंच" असा शेरा मारून माणूस गप्प बसतो.

आपल्या डोक्यात जिल्हा म्हटलं की दोन चित्रं असतात: कलेक्टर कचेरी आणि जिल्हा परिषद. काउंटीला यातलं एकही चित्र नीट बसत नाही. कलेक्टर राज्य सरकार पाठवतं. इथे काउंटीवर वरून कोणीच पाठवलं जात नाही. जिल्हा परिषदेची हद्द ग्रामीण भागापुरती, महापालिका आली की ती संपते. काउंटी मात्र शहरांच्या खालूनही पसरलेली असते. तुम्ही सनीव्हेलचे रहिवासी असता आणि त्याच वेळी सांता क्लारा काउंटीचेही. काही सेवा सिटी देते, काही काउंटी, आणि कर दोघांनाही जातो.

काउंटीचा कारभार ठरवतं ते बोर्ड, म्हणजे निवडून आलेल्या सुपरवायझरांचं मंडळ. इथे उदाहरण सांता क्लारा काउंटीचं घेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ५८ काउंट्यांपैकी ५७ ठिकाणी बोर्ड पाच जणांचंच असतं, त्यामुळे बरंचसं शेजारच्या अलामेडा काउंटीलाही लागू पडेल. फ्रीमॉन्टकरांनी मात्र लक्षात ठेवावं की मिलपिटसची हद्द ओलांडली की काउंटी बदलते. मित्राने दिलेला सुपरवायझरचा नंबर तुमच्या कामाचा नसतो. सॅन फ्रान्सिस्को हा अपवाद. तिथे शहर आणि काउंटी एकच, सुपरवायझर अकरा आणि वर मेयर.

आधी आपला पत्ता तपासा

पाकिटावर "सॅन होजे" लिहिलेलं असलं म्हणजे घर सॅन होजे सिटीतच आहे असं नाही. पोस्टाचा पत्ता आणि हद्द या दोन वेगळ्या गोष्टी. सांता क्लारा काउंटीत १५ शहरं आहेत. त्यांच्या बाहेरची जमीन, आणि सॅन होजेच्या पोटात शिल्लक राहिलेले बर्बँकसारखे तुकडे, थेट काउंटीच्या अखत्यारीत येतात. अशा जागेला अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. तिथे काउंटी हीच तुमची सिटी: बांधकामाची परवानगी काउंटीची, रस्ता काउंटीचा, गस्त शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची.

हे घर घेण्याआधी बघायचं. काउंटीच्या असेसरच्या (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकला की पार्सल नंबर, म्हणजे जागेचा क्रमांक मिळतो, आणि काउंटी प्लॅनिंग विभागाच्या नकाशावर तो नंबर टाकला की जागा शहरात आहे की बाहेर ते कळतं. मागच्या अंगणात एडीयू (मूळ घराच्या जागेतलं छोटं जादा घर) बांधायचं ठरवून सिटीच्या खिडकीवर गेलेल्या माणसाला "ही जागा आमची नाही" असं तिथे पोचल्यावर कळतं, तोवर आर्किटेक्टने नकाशे सिटीच्या नियमांनुसार काढलेले असतात.

स्टॅनफर्डचं बहुतेक कॅम्पसही असंच काउंटीच्या जमिनीवर आहे. विद्यापीठाला किती इमारती वाढवता येतील हे पालो आल्टो सिटी ठरवत नाही, काउंटीचं बोर्ड ठरवतं. २०१९ मध्ये मोठ्या विस्ताराचा अर्ज बोर्डापुढे होता. घरं आणि वाहतुकीच्या अटींवरून जमलं नाही आणि विद्यापीठाने मतदानाआधीच अर्ज मागे घेतला. जमिनीच्या बाबतीत या पाच जणांचं वजन किती, ते यावरून कळावं.

पाच खुर्च्या, तीन मतं

सुपरवायझर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साइटवरचा मुकादम येतो. इथे तो निवडून आलेला लोकप्रतिनिधी. काउंटीचे पाच जिल्हे, म्हणजे मतदारसंघ (डिस्ट्रिक्ट) केलेले असतात, प्रत्येकातून एक. मुदत चार वर्षांची, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. पाचही जागा एकदम रिकाम्या होत नाहीत: सांता क्लारात २, ३ आणि ५ या जिल्ह्यांची निवडणूक २०२४ मध्ये झाली, १ आणि ४ ची पाळी २०२६ मध्ये. ओळीने तीन मुदतींवर थांबावं लागतं. प्राथमिक फेरीतच कोणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर निकाल तिथेच लागतो, नोव्हेंबरची वाट बघणाऱ्यांच्या हाती काही उरत नाही.

एक सावधगिरी. मत फक्त नागरिकांना. एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असताना डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीच्या) फॉर्मवर घाईघाईत "नागरिक आहे" ही खूण करू नका. चुकून झालेली नोंदणीसुद्धा पुढे इमिग्रेशनमध्ये आडवी येते. बोर्डापुढे बोलायला, पत्र लिहायला, सुपरवायझरला भेटायला मात्र नागरिकत्व लागत नाही.

रोजचा कारभार काउंटी एक्झिक्युटिव्ह बघतो. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या सीईओशी त्याचं काम थोडंफार जुळतं, पण हा सनदी सेवेतून आलेला नसतो. बोर्डाने नेमलेला, आणि बोर्डाला नको झाला तर काढता येणारा. त्याच्या हाताखाली हजारो कर्मचारी, सार्वजनिक आरोग्य, समाजकल्याण, उद्यानं, रस्ते आणि दोन छोटे विमानतळ. शिवाय काउंटीची स्वतःची चार हॉस्पिटलं: व्हॅली मेडिकल सेंटर, ओ'कॉनर, सेंट लुईस आणि २०२५ मध्ये विकत घेतलेलं रीजनल. विमा नसलेल्या, वारीला आलेल्या आईवडिलांना इमर्जन्सीत कुठे न्यायचं हा प्रश्न ज्यांच्यावर आला आहे त्यांना ही यादी पाठ असते.

पाचात बहुमत तीन. ब्राउन कायदा १९५३ पासून सांगतो की बहुमताइतक्या सदस्यांनी सभेबाहेर काउंटीच्या विषयावर चर्चा करायची नाही, एकत्र नाही आणि एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचवूनही नाही. म्हणून दोन सुपरवायझर आपसात बोलू शकतात, तिसरा आला की कायदा मोडला. याचा व्यवहारातला अर्थ: एका सुपरवायझरला भेटताना "अमुक आणि तमुक सुपरवायझर आमच्या बाजूने आहेत, तुम्हीही या" असं कधी सांगू नका. तुम्ही स्वतःच निरोप्या ठरता, आणि समोरचा माणूस सावध होऊन विषय बंद करतो. प्रत्येकाला वेगळं भेटा, फक्त आपली बाजू मांडा.

बोर्डाच्या ताब्यात नसलेली माणसं

शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी (डीए, म्हणजे खटले भरणारा सरकारी वकील) आणि असेसर हे तिघं मतदारांनी थेट निवडलेले असतात. बोर्ड त्यांचं बजेट ठरवतं, पण डीएने कोणावर खटला भरावा किंवा शेरीफने तपास कसा करावा यात हात घालू शकत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. सुपरवायझरला फोन करून केस मागे घ्यायला लावू, ही आपल्याकडची सवय इथे कामाची नाही. कुपरटिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स यांचं स्वतःचं पोलीस दल नाही. ती शहरं शेरीफशी करार करतात. त्यामुळे कुपरटिनोत चोरी झाली तर येणाऱ्या गाडीवर काउंटीचं नाव असतं, पण किती गाड्या फिरवायच्या हे करारात ठरतं आणि तो करार सिटी कौन्सिल करतं. गस्त वाढवून हवी असेल तर दार कौन्सिलचं ठोठवा.

शाळा तर पूर्ण वेगळ्या. शाळांचे जिल्हे, त्यांची निवडून आलेली मंडळं, त्यांच्या हद्दी यांचा सुपरवायझरांशी संबंध नाही. पाण्याच्या व्हॅली वॉटरचं बोर्ड वेगळं, बस आणि लाइट रेलच्या व्हीटीएचंही वेगळं. काउंटीच्या बोर्डापुढे शाळेच्या हद्दीचं गाऱ्हाणं मांडायला आलेली कुटुंबं अधूनमधून दिसतात. त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं जातं. पुढे काही होत नाही.

पैसा कुठून येतो आणि कधी ठरतो

आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. एक्झिक्युटिव्ह साधारण मेच्या सुरुवातीला शिफारस केलेलं बजेट जाहीर करतो, मेमध्ये वर्कशॉप होतात, जूनमध्ये सुनावणी आणि मंजुरी. आकडा मोठा, १२ अब्ज डॉलरांच्या वर. पण त्यातला फार मोठा भाग राज्याच्या आणि केंद्राच्या योजनांना बांधलेला असतो: मेडी-कॅल (गरिबांचा आरोग्य विमा), कॅलफ्रेश (अन्नासाठी मदत), कॅलवर्क्स (गरजू कुटुंबांना रोख मदत). हा पैसा बोर्डाच्या हातातून जातो खरा, पण वळवता येत नाही. खरी ओढाताण होते ती जनरल फंडातल्या मोकळ्या रकमेवर. वॉशिंग्टनहून मेडी-कॅलच्या पैशाला कात्री लागणार हे दिसल्यावर बोर्डाने डॉलरमागे पाच-अष्टमांश सेंटचा जादा विक्रीकर मतदारांपुढे ठेवला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांनी तो पाच वर्षांसाठी मंजूर केला. प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर बोर्डाला वाढवता येत नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने तो एक टक्क्यावर बांधून ठेवला आहे.

वर्षाच्या मध्ये नवा खर्च घुसवायचा असेल तर साधं बहुमत पुरत नाही, चार-पंचमांश लागतं, म्हणजे पाचातली चार मतं. म्हणून ज्येष्ठांच्या केंद्राला किंवा संस्थेच्या उपक्रमाला काउंटीचा पैसा हवा असेल तर सप्टेंबरात जाऊन उपयोग नाही. जानेवारी ते एप्रिल या काळात आपल्या सुपरवायझरच्या ऑफिसात जा, रक्कम, किती लोकांना लाभ आणि कोणता विभाग हे एका पानावर द्या. जूनच्या सुनावणीत मागणी पहिल्यांदा मांडणाऱ्याला टाळ्या मिळतात. रक्कम तोवर दुसऱ्यांच्या नावावर लागलेली असते.

अजेंडा वाचायचा कसा

नियमित सभेचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो, विशेष सभेचा २४ तास. सभा मंगळवारी, सॅन होजेत ७० वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या इमारतीत. दर मंगळवारी नसते, वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं.

पानं शेकड्यात असतात, पण सगळी वाचायची नसतात. सुरुवात शेवटाकडून करा: कन्सेंट कॅलेंडर. यात कंत्राटं, नेमणुका, मुदतवाढी असे दहा-वीस किंवा त्याहून जास्त विषय एका झटक्यात, एका मतात मंजूर होतात. तुमचा विषय इथे दडलेला असेल तर त्यावर चर्चा होणारच नाही. तो बाहेर काढून हवा असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत आपल्या सुपरवायझरच्या स्टाफला कळवा आणि कारण एका वाक्यात द्या. सभेच्या सकाळी केलेला मेल कोणी उघडतही नाही.

त्याहून उपयोगी म्हणजे कमिट्या. सांता क्लारात बोर्डाच्या विषयवार कमिट्या आहेत, प्रत्येकीत फक्त दोन सुपरवायझर: आरोग्य आणि हॉस्पिटल, सार्वजनिक सुरक्षा, मुलं-ज्येष्ठ-कुटुंब, अर्थ, आणि घरं-जमीन-वाहतूक. विषय पूर्ण बोर्डापुढे येण्याआधी इथे शिजतो. बोर्डाच्या सभेत शंभर माणसांच्या रांगेत एक मिनिट मिळतं. कमिटीत दहा जण असतात, अधिकारी समोर बसलेले असतात आणि सुपरवायझर उलट प्रश्न विचारतात. आमचं मत विचाराल तर वर्षातून चार कमिटी-सभांना जाणारा माणूस बोर्डाच्या वीस सभांना जाणाऱ्यापेक्षा जास्त कामं करून घेतो.

वटहुकमासारखा वाटणारा ऑर्डिनन्स म्हणजे काउंटीचा कायदा. तो एका सभेत मांडतात, निदान पाच दिवसांनी नियमित सभेत मंजूर करतात, आणि त्यानंतर ३० दिवसांनी तो लागू होतो. पहिल्या मांडणीला गेलात तर शब्द बदलायला वाव असतो. दुसऱ्या वेळी बहुधा नुसता शिक्का बसतो.

माइकसमोर

सभेला बसायला नाव नोंदवायची सक्ती करता येत नाही. बोलायचं असेल तर चिठ्ठी भरायला सांगतात, नाव पुकारण्यासाठी. अध्यक्ष वेळ ठरवतात: दोन मिनिटं, गर्दी असली की एक. एका मिनिटात इंग्रजीचे १३० ते १५० शब्द बसतात, त्याहून एक जास्त नाही. पहिल्या वाक्यात आयटम नंबर आणि मागणी, दुसऱ्यात तुम्ही कोणत्या जिल्ह्यात राहता, मग एकच ठोस गोष्ट, शेवटी मागणी पुन्हा. असं:

"आयटम १७. या कंत्राटात मराठी आणि हिंदी दुभाष्याची सोय घाला, अशी विनंती आहे. मी डिस्ट्रिक्ट ३ मध्ये राहते. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत; गेल्या महिन्यात डिस्चार्जची कागदपत्रं त्यांना फक्त इंग्रजीत वाचून दाखवली आणि रक्त पातळ करणारी गोळी दिवसातून एकदाऐवजी दोनदा घेतली गेली. आयटम १७ मध्ये दुभाष्याची तरतूद हवी."

एवढं पुरे. "गेली वीस वर्षं मी या देशात…" अशी प्रस्तावना सुरू झाली की दिवा पिवळा होतो आणि मागणी पोटातच राहते.

इंग्रजी येत नसेल तर मराठीतून बोला. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, हा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. एकाच वेळी भाषांतर ऐकवणारं यंत्र असेल तेवढा अपवाद. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी हे चिठ्ठी देतानाच क्लार्कला सांगावं.

अजेंड्यावर नसलेल्या विषयावर सुरुवातीच्या पब्लिक कॉमेंटमध्ये बोलता येतं, पण बोर्ड त्यावर चर्चा किंवा निर्णय करू शकत नाही. ते नुसते बघत राहतात म्हणून लोक दुखावतात. कायद्यानेच त्यांचं तोंड बांधलेलं असतं. अशा वेळी मागणी निर्णयाची करू नका. "यावर प्रशासनाकडून अहवाल मागवा" असं म्हणा. एखाद्या सुपरवायझरने ते उचलून रेफरल म्हणून मांडलं की विषयाला नंबर मिळतो, आणि नंबर मिळाला की त्याचा पाठपुरावा करता येतो. कागद हवे असतील तर पब्लिक रेकॉर्ड्सचा अर्ज करा: कागद देता येतील की नाही हे १० दिवसांत सांगावं लागतं, कारण असेल तर आणखी १४. "सगळे ईमेल द्या" असं लिहिलंत तर महिने जातात. विभाग, तारखा आणि विषय नेमका लिहा.

घर घेतल्यावर येणारं दुसरं बिल

सुपरवायझरांच्या ऑफिसात नवीन घरमालकांचे सर्वात जास्त फोन प्रॉपर्टी टॅक्सच्या याच जादा बिलावरून येत असावेत, आणि नेमकं यातच त्यांच्या हाती काही नसतं.

समजा १५ लाख डॉलरला घर घेतलं आणि जुन्या मालकाचं करमूल्य ४ लाख होतं, कारण विक्री होईपर्यंत ते वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं. फरक ११ लाख. स्थानिक भर धरून दर साधारण १.२ टक्के म्हटला तर वर्षाचे १३,२०० डॉलर. खरेदी सप्टेंबरात झाली असेल तर हिशेब १ ऑक्टोबरपासून, म्हणजे आर्थिक वर्षाचे नऊ महिने: ९,९०० डॉलर. हे सप्लिमेंटल बिल नेहमीच्या बिलाच्या वर असतं, काही महिन्यांनी येतं आणि बहुधा बँकेच्या एस्क्रोकडे (कर भरण्यासाठी बँक पैसे राखून ठेवते त्या खात्याकडे) न जाता थेट तुमच्या नावावर येतं. बँक भरेल म्हणून ते पाकीट बाजूला ठेवणाऱ्यांना १० टक्के दंड बसतो. बिल मिळालंच नाही, हे कारण चालत नाही. नेहमीच्या बिलाचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत, दुसरा १० एप्रिलपर्यंत.

मूल्यच जास्त लावलं असं वाटलं तर आधी असेसरच्या ऑफिसशी बोला. नाही जमलं तर असेसमेंट अपील्स बोर्डाकडे अर्ज. नेहमीच्या वार्षिक मूल्यासाठी सांता क्लारात खिडकी २ जुलै ते १५ सप्टेंबर. अपिलाचा निकाल लागेपर्यंत बिल भरत राहायचं, अपील म्हणजे स्थगिती नव्हे. आणि स्वतः राहत असलेल्या घरासाठी होमओनर्स एक्झम्प्शनचा (करसवलतीचा) फॉर्म १५ फेब्रुवारीपर्यंत भरा. वर्षाला सत्तरेक डॉलर वाचतात. जेवणाचा खर्च निघाला.

दुसऱ्या राज्यात गेलात तर

वरचं सगळं जसंच्या तसं उचलून नेऊ नका. टेक्सासात बोर्डाला कमिशनर्स कोर्ट म्हणतात, पण ते न्यायालय नाही. काउंटी जज आणि चार कमिशनर, पक्षाच्या तिकिटावर निवडलेले. तिथे प्रॉपर्टीचं मूल्य वेगळा अप्रेझल डिस्ट्रिक्ट लावतो आणि हरकत १५ मेपर्यंत किंवा नोटीस आल्यापासून ३० दिवसांत, जे नंतरचं असेल तोवर. न्यू जर्सीत २०२१ पासून कमिशनर हे नाव. त्याआधी त्यांना फ्रीहोल्डर म्हणत, म्हणून एडिसनच्या जुन्याजाणत्यांच्या तोंडी अजून तोच शब्द आहे. तिथे काउंटीच्या ताब्यातली मोकळी हद्द नाहीच, प्रत्येक इंच जागा कुठल्या ना कुठल्या म्युनिसिपालिटीत, त्यामुळे बांधकामासाठी काउंटीत जाऊ नका. व्हर्जिनियात उलट: शहरं काउंटीच्या बाहेर, शाळांच्या मंडळाला कर लावायचा अधिकार नाही, म्हणून लाउडनमधले पालक शाळेच्या पैशासाठी सुपरवायझरांपुढेच उभे राहतात, आणि गाडीवरचा कर किती ते हेच बोर्ड ठरवतं. लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीच्या आसपास लोकांना पाचच सुपरवायझर आहेत. २०२४ मध्ये मतदारांनी ते नऊ करायचं ठरवलं, तो बदल अजून व्हायचा आहे. आणि कनेक्टिकटला बदली झाली तर काउंटीचं ऑफिस शोधत बसू नका. १९६० पासून तिथे काउंटी सरकारच नाही. सरळ टाउन हॉल गाठा.